इंग्रजी वाचता येतं, पण रोजच्या बोलण्यातले वाक्प्रचार जमत नाहीत. कसे शिकावेत?

तुम्ही लिहिलंय की व्याकरण बऱ्यापैकी पक्कं आहे, इंग्रजी वर्तमानपत्र न अडखळता वाचता येतं, इडियम्सची मोठी यादीही पाठ केलीत. पण ऑफिसच्या कॉलवर परदेशातली मंडळी सहज बोलायला लागली की निम्मं डोक्यावरून जातं, आणि पाठ केलेलं ऐन वेळी तोंडात येत नाही.

ती यादी आधी बाजूला ठेवा. अशा याद्यांत 'इट इज रेनिंग कॅट्स अँड डॉग्ज'सारखे नजरेत भरणारे वाक्प्रचार असतात. धो धो पाऊस पडताना तिकडचा माणूस बहुतेक वेळा 'इट्स पोअरिंग' एवढंच म्हणतो. बोलण्याचा गाडा ज्यांच्यावर चालतो ती वाक्यं दिसायला अगदी साधी असतात: 'इट डिपेंड्स', 'फेअर इनफ', 'नेव्हर माइंड', 'आय सपोज सो', 'दॅट मेक्स सेन्स', 'आय विल गेट बॅक टू यू'. अशी चाळीस-पन्नास वाक्यं जिभेवर बसेपर्यंत इडियमला हात लावू नका, असं माझं स्पष्ट मत आहे.

ही वाक्यं अर्थावरून शिकायची नसतात, प्रसंगावरून शिकायची असतात. आपलंच उदाहरण घ्या. कुणाच्या घरून निघताना आपण 'जातो' म्हणत नाही, 'येतो' म्हणतो. त्याचं शब्दशः 'आय विल कम' केलं तर समोरचा विचारेल, कुठे? त्या प्रसंगाचं इंग्रजी वाक्य आहे 'आय शुड गेट गोइंग' किंवा 'आय बेटर बी ऑफ'. म्हणजे शब्द जुळवायचे नाहीत, 'निघताना काय म्हणतात' हे जुळवायचं. तसंच आपलं 'काय, जेवण झालं का?' आणि ब्रिटनमधलं 'यू ऑलराइट?'. दोन्हींत खरी चौकशी थोडीच असते. 'यू ऑलराइट?'ला 'येस, यू?' एवढं उत्तर पुरतं. तब्येतीची हकिगत सांगायची नसते.

म्हणून प्रत्येक वाक्याबरोबर त्याचं उत्तरही शिका. सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. 'डू यू माइंड इफ आय ओपन द विंडो?' याला मदतीच्या भावनेने 'येस, येस' म्हटलं की अर्थ होतो 'हो, माझी हरकत आहे'. इथे मराठी कामाला येते: 'हरकत आहे का?' असं मनात ऐका, आपोआप 'नाही' येईल आणि 'नॉट ॲट ऑल' तोंडून निघेल. पण नकारार्थी प्रश्नात हीच मराठी पाय ओढते. 'तू जेवला नाहीस?' याला आपण 'हो, नाही जेवलो' म्हणतो. 'यू हॅवन्ट ईटन?' याला मात्र 'नो, आय हॅवन्ट' म्हणावं लागतं. 'येस' म्हणून थांबलात तर समोरचा धरून चालेल की जेवण झालंय. आणखी एक: कॉफी पुढे केल्यावर कुणी 'आय ॲम गुड' म्हणालं, तर तो 'नको' असतो.

अर्थ कळला तरी कुठे वापरू नये हे कळायला हवं. 'किक द बकेट' म्हणजे मरणे, हे सगळ्या याद्यांत असतं. पण मराठीत ते 'गचकला'च्या जातीचं आहे. सहकाऱ्याचे वडील वारले तर 'पास्ड अवे' म्हणायचं. शब्दकोशात यासाठी खुणा असतात: 'इनफॉर्मल', 'ओल्ड-फॅशन्ड', 'ऑफेन्सिव्ह'. केंब्रिज, लाँगमन आणि ऑक्सफर्ड यांचे खास शिकणाऱ्यांसाठीचे शब्दकोश इंटरनेटवर फुकट पाहता येतात. अर्थाआधी ती खूण वाचा, मग उदाहरणाची वाक्यं.

क्रियापदामागे छोटा शब्द लागून होणारे वाक्प्रचार, म्हणजे फ्रेजल व्हर्ब, सगळ्यात जास्त कानावर पडतात आणि सगळ्यात जास्त फसवतात. आपल्याकडे 'हात दिला', 'हात उचलला' आणि 'हात वर केले' यांत किती अंतर आहे! तसंच 'आय रॅन इंटू हिम' म्हणजे तो अचानक भेटला, आणि 'आय रॅन हिम ओव्हर' म्हणजे त्याला गाडीखाली घेतलं. 'पुट अप' आणि 'पुट अप विथ'चंही तेच. 'विथ' लागलं की अर्थ 'सहन करणे'. 'हिम', 'इट'सारखं सर्वनाम आलं तर बऱ्याच वेळा ते मधे जातं: 'पिक इट अप', 'पिक अप इट' नाही. बोलताना जोर 'अप'वर पडतो आणि सगळं मिळून 'पिकिटप' असं ऐकू येतं. कॉलवर तुमचं बरंचसं इथे सुटत असणार. शब्द ओळखीचेच असतात, जोडून बोलले की ओळखू येत नाहीत.

आता रोजचं काम. आठवड्याला फक्त पाच वाक्यं घ्या. वहीत एका वाक्याला अर्धं पान द्या: वर पूर्ण वाक्य, खाली प्रसंग, कोण कुणाला म्हणतं, त्यावर उत्तर काय, आणि त्या प्रसंगी मराठीत आपण काय म्हणतो. मराठी शब्दार्थ लिहू नका. 'अ', 'द' जसेच्या तसे उतरवा. मराठीत ते नसल्यामुळे आपल्याकडून हमखास गळतात आणि 'कॉल इट अ डे'चं 'कॉल इट डे' होतं. पहिल्या, तिसऱ्या, सातव्या आणि एकविसाव्या दिवशी पान झाकून फक्त प्रसंग वाचा आणि वाक्य मोठ्याने म्हणा. अडलं तर ते पुन्हा पहिल्या दिवसापासून.

ऐकण्यासाठी बीबीसी लर्निंग इंग्लिशचा 'द इंग्लिश वी स्पीक' घ्या. काही मिनिटांच्या एका भागात एकच वाक्प्रचार असतो. एकदा नुसतं ऐका, दुसऱ्यांदा लिहून काढा, तिसऱ्यांदा त्यांच्याबरोबर, त्यांच्याच वेगाने बोला. तिसरी पायरी गाळू नका, जिभेला वळण तिथेच लागतं.

कॉलवर कोण आहे हेही बघा. 'लेट्स टेबल इट' म्हणजे ब्रिटिश माणसाला 'चर्चेला घेऊ' आणि अमेरिकन माणसाला 'सध्या बाजूला ठेवू'. आपलं 'आय पास्ड आउट इन 2019' भारतात सगळ्यांना कळतं, त्यात लाजण्यासारखं काही नाही. पण तिकडे त्याचा अर्थ 'बेशुद्ध पडलो' असा घेतात, तेव्हा परदेशी माणसाशी बोलताना 'ग्रॅज्युएटेड' म्हणा. आणि एखादा वाक्प्रचार कळलाच नाही तर मान डोलावू नका. 'सॉरी, व्हॉट डू यू मीन बाय दॅट?' हे वाक्य तुमच्या वहीच्या पहिल्या पानावर हवं.