‘दोनदा वितळलं की मेलं’ असं कोणी सांगितलं?

जळगावहून एका वडिलांचं पत्र आहे. एमआयडीसीत त्यांचा पीपीचा (पॉलिप्रॉपिलीन, बादल्या-डब्यांचं प्लास्टिक) रिप्रोसेस दाणा, म्हणजे भंगार वितळवून पुन्हा वापरायचा दाणा, काढायचा कारखाना. मुलाला बारावी सायन्सला ६१ टक्के, सीईटीला ५८ पर्सेंटाइल. ‘मॅनेजमेंट कोट्यातून कॉम्प्युटरला घालतो म्हटलं तर नको म्हणतो. प्लास्टिकच शिकायचंय त्याला. दोनदा वितळलं की मेलेला माल, त्यात शिकण्यासारखं काय आहे? कुठल्या लॉटची बादली कुठे तडकली ते वहीत लिहीत बसतो. उद्या लोक भंगारवाल्याचा पोरगा भंगारातच गेला म्हणतील. समजवा त्याला.’

समजवायचं त्याला नाही, तुम्हाला आहे. मार्कांवर तुम्ही एक ओळ लिहिलीत आणि लोकांवर दीड पान. ज्या दाण्यावर घर उभं राहिलं, त्याची लाज पोराच्या माथी कशाला? नको असलेल्या विषयात केटी लागायला एक सेमिस्टर पुरतं, कर्जाचे हप्ते मात्र चालूच राहतात. कॉम्प्युटरची जागा तुम्हाला हवी आहे, त्याला नाही.

आता तुमच्या ‘मेलेल्या’ मालाचं. पीपी मशीनच्या बॅरलमधून, म्हणजे तापलेल्या नळीतून, गेलं की दर वेळी उष्णता, स्क्रूचं रगडणं आणि ऑक्सिजन मिळून त्याच्या लांब साखळ्या तोडतात. साखळ्या आखूड झाल्या की वितळलेला माल पातळ होतो, म्हणजेच एमएफआय, मेल्ट फ्लो इंडेक्स, चढतो (२३० अंशांना, २.१६ किलो वजनाखाली, १० मिनिटांत किती ग्रॅम बाहेर आला तो आकडा). कडकपणा मात्र फारसा हलत नाही. आधी जातं ते ताणलं जाणं आणि धक्का सोसणं. म्हणून बादली हाताला ठणठणीत लागते आणि आपटली की कडी अडकते त्या कानापाशी तडकते. तुमचा मुलगा वहीत नेमकं हेच लिहितोय. एचडीपीईत (कॅन-ड्रमचं प्लास्टिक) तर साखळ्या एकमेकींना जोडल्याही जातात, मग माल उलट घट्ट होतो. ‘पेट’ला, म्हणजे पाण्याच्या बाटल्यांच्या प्लास्टिकला, मार बसतो ओलाव्याचा, म्हणून वितळवण्याआधी तो ५० पीपीएमच्या (दहा लाख भागांत ५०) खाली आणावा लागतो. त्यात पीव्हीसीचे चार तुकडे गेले तर पहिल्याच फेरीत माल पिवळा, कारण त्या तापमानाला पीव्हीसी आम्ल सोडतं. आणि पाण्याच्या टाकीत ते वेगळंही होत नाही, दोन्ही बुडतात. तेव्हा किती वेळा वितळलं एवढंच विचारून भागत नाही. किती तापमानाला, किती वेळ, सोबत काय होतं, हेही विचारावं लागतं. २०२२च्या ईपीआर नियमांनी (प्लास्टिक बाजारात आणणाऱ्यावरच कचऱ्याची जबाबदारी टाकणारे) पॅकेजिंगमध्ये रिसायकल मालाचं किमान प्रमाण ठरवून दिलं, तेव्हापासून या प्रश्नांची उत्तरं देणारी माणसं लागतातच.

वाट सरळ आहे: बीएस्सी केमिस्ट्री, मग सीपेटचा (प्लास्टिक शिकवणारी केंद्र सरकारची संस्था) दोन वर्षांचा पीजी डिप्लोमा, त्याची प्रवेश परीक्षा असते.

पण त्याआधी, बाळा, हे तुझ्यासाठी. व्हर्जिन, म्हणजे कोऱ्या, पीपीची २५ किलोची एक गोणी घे. बॅरल २०० ते २२० अंशांवर ठेवून तोच माल पाच वेळा काढ. दर फेरीला पहिला किलो-दोन किलो बाजूला टाक, त्यात आधीचा माल असतो. मग अर्धा किलो नमुना पिशवीत भरून त्यावर फेरी आणि तापमान लिही. दुसऱ्या गोणीत सुरुवातीलाच २५ ग्रॅम अँटिऑक्सिडंट (ऑक्सिजनपासून साखळ्या वाचवणारी पावडर) मिसळ. पावडर दाण्याला चिकटायला चमचाभर पॅराफिन तेल लागेल. मग तेच पाच वेळा. सगळ्या पिशव्यांचा एमएफआय छत्रपती संभाजीनगरच्या सीपेटमधून काढून आण. पहिल्या-दुसऱ्या फेरीला आकडा हलला नाही तर मशीनवर संशय घेऊ नको: व्हर्जिन दाण्यात कंपनीचं अँटिऑक्सिडंट आधीच असतं, ते संपत आलं की आकडा उडी मारतो. कुठल्या गोणीचा आकडा आधी उडाला, ते वहीत लिही.

आणि तुम्ही, मशीन त्याला आठवडाभर मोकळं द्या. कॉलेजची पैसे भरायची मुदत तोवर निघून जाईल, जाऊ द्या.