टीसीचा अर्ज आपल्या हातानं देऊ नका

ताई, तुमचा मुलगा चौथीत आहे, तपासणीत डिस्लेक्सिया (वाचायला-लिहायला शिकताना येणारी अडचण) निघालाय आणि प्राचार्या तोंडी सांगतायत, "वार्षिक परीक्षेआधी टीसी घ्या, त्याच्याच भल्याचं आहे." आमच्या मुलीच्या वेळी, इथेच इंदूरला, हेच शब्द आम्ही ऐकलेत. म्हणून सगळ्यात आधी हे सांगते: टीसीसाठी, म्हणजे शाळा सोडल्याच्या दाखल्यासाठी, अर्ज देऊ नका. तुम्ही अर्ज दिलात की कागदोपत्री ती तुमची इच्छा ठरते, आणि पुढे कुठेही दाद मागा, शाळा तोच कागद पुढे करते.

2009च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 16 प्रमाणे आठवी पूर्ण होईपर्यंत मुलाला शाळेतून काढता येत नाही. 2019ची दुरुस्ती पाचवी-आठवीत नापास करण्यापुरती आहे, काढून टाकण्याची मनाई तशीच आहे. (शाळा अल्पसंख्याक संस्थेची असेल तर हा कायदा लागत नाही, हे तेवढं बघून घ्या.) दुसरा आधार 2016च्या दिव्यांग हक्क कायद्याचा. त्यातल्या 21 प्रकारांत डिस्लेक्सिया येतो, आणि मान्यताप्राप्त खाजगी शाळाही त्याच्या कक्षेत आहेत. परीक्षेत जास्तीचा वेळ, लेखनिक (मुलानं सांगितलेली उत्तरं लिहून देणारा), दुसऱ्या-तिसऱ्या भाषेतून सूट हे सगळं कलम 17 मध्ये लिहिलेलं आहे. ती काही शाळेची मेहरबानी नाही.

आता पत्र. साध्या हिंदीत, प्राचार्यांच्या नावे. "मुलाकडे लक्ष द्यावे" असं मोघम लिहिलंत तर उत्तरही मोघमच येईल. नेमकं मागा: प्रश्न वाचून दाखवावेत, फळ्यावरचं उतरवण्याऐवजी छापील प्रत मिळावी, विज्ञान आणि पर्यावरणात शुद्धलेखनाचे गुण कापू नयेत, उत्तरं तोंडी घ्यावीत, परीक्षेत जास्त वेळ द्यावा. (बोर्डाच्या परीक्षेत सीबीएसई 3 तासांच्या पेपरला 1 तास वाढवून देते.) शाळेत विशेष शिक्षक कोण आणि त्यांचा आरसीआय (भारतीय पुनर्वास परिषद) नोंदणी क्रमांक काय, हेही विचारा. शाळा सीबीएसईची असेल तर असा शिक्षक नेमणं बोर्डाच्या संलग्नता नियमांतच आहे. दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्या. देत नसतील तर स्पीड पोस्टनं पाठवा.

बैठकीला एकट्या जाऊ नका. आईला एकटीला बसवून "घरी अभ्यास घेत नाही" असं ऐकवणं फार सोपं असतं, आणि त्याचा मला अजून राग येतो. यजमानांना किंवा भावाला बरोबर न्या. एकानं बोलायचं, दुसऱ्यानं लिहून घ्यायचं. घरी आल्यावर त्याच संध्याकाळी ईमेल करा: "आज आपण असं असं सांगितलंत." तोंडी बोललेलं असंच कागदावर येतं.

खाजगी मानसतज्ज्ञाचा रिपोर्ट जपून ठेवा, पण तो म्हणजे सरकारी प्रमाणपत्र नव्हे. त्यासाठी यूडीआयडी (सरकारचं दिव्यांग ओळखपत्र) पोर्टलवर अर्ज करा, तपासणी सरकारी मेडिकल बोर्डाकडे होते. दिव्यांगत्वाची टक्केवारी 40 पेक्षा कमी आली तरी खचू नका. 2021 मध्ये विकास कुमार प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं की लेखनिकाची सोय 40 टक्क्यांच्या अटीवर अडवता येत नाही.

शाळा गप्प बसली तर तीच कागदपत्रं जिल्हा शिक्षण अधिकाऱ्यांकडे द्या. मोती तबेल्याला कलेक्टर ऑफिसात मंगळवारी जनसुनवाई असते, तिथेही देता येतात. 181वर, म्हणजे मुख्यमंत्री हेल्पलाइनवर, तक्रार नोंदवा. त्यापुढे भोपाळचे दिव्यांगजन आयुक्त: कागद मागवायचे आणि साक्षीला बोलवायचे दिवाणी न्यायालयाचे अधिकार त्यांना आहेत.

हे सगळं चालू असताना मुलासमोर टीसीचा विषय काढू नका. आपल्याला शाळेतून काढणार आहेत हे मुलांना फार लवकर कळतं आणि मग ती पुस्तक उघडायलाच घाबरतात.

परीक्षा जवळ आली असेल तर पत्र याच आठवड्यात द्या. मसुदा मला पाठवा, मी वाचून देते.