पहिला कंपायलर लिहिताय? मग एवढंच बघा

मस्त काम हाती घेतलंय. फक्त कंपायलर (लिहिलेला कोड मशीन कोडमधे बदलणारा प्रोग्राम) 'छोटा आणि फास्ट' हवा असेल तर काय सोडायचं ते आधी ठरवा, कारण प्रत्येक फीचरची किंमत कुठेतरी मोजावीच लागते.

सुरुवातीला तीनच गोष्टी:

१. पार्सर (कोड वाचून त्याची रचना ओळखणारा भाग) हाताने लिहा, रिकर्सिव्ह डिसेंट पद्धतीने, म्हणजे भाषेच्या प्रत्येक नियमाला एक फंक्शन, आणि ती एकमेकांना बोलावतात. पार्सर आपोआप बनवणारं टूल (जनरेटर) शिकण्यात जितका वेळ जातो तेवढ्यात तो लिहून होतो, आणि एरर मेसेजही तुमच्या हातात राहतात.

२. सिंगल पास, म्हणजे कोड एकदाच वाचून काम संपवणं, जमतंय का बघा. १९८३ चा टर्बो पास्कल (पास्कल भाषेचा कंपायलर) असाच होता, वाचता वाचता थेट मशीन कोड काढायचा, मधे कोडच्या रचनेचं झाड (सिंटॅक्स ट्री) बांधायचं नाही की काही नाही, आणि पहिली एरर आली की थांबून एडिटरमधे ती जागा दाखवायचा. कंपाइल इतकं झटपट व्हायचं की तेवढं पुरायचं, मला हा सौदा आजही फार आवडतो! बदल्यात फंक्शन वापरायच्या आधी डिक्लेअर करावं लागतं आणि कोड ऑप्टिमाइझ (आणखी वेगवान) करायला फारसा वाव राहत नाही. पुढच्या कोडवर उडी मारणाऱ्या सूचनेला (जंप) कुठे जायचं तो पत्ता आधी माहीत नसतो, तिथे जागा रिकामी सोडून नंतर भरायची.

३. आयडेंटिफायर (व्हेरिएबल, फंक्शनची नावं) हॅश टेबलमधे (नावावरून नोंद पटकन शोधून देणारा तक्ता) एकदाच ठेवा, मग पुन्हा पुन्हा स्ट्रिंग कंपेअर नको.

नवीन लोक हमखास चुकतात ते म्हणजे भाषा धड चालत नसताना ऑप्टिमायझरच्या मागे लागतात. पास्कल भाषा बनवणारे विर्थ यांचा नियम बघा: कंपायलर त्याच भाषेत लिहिलेला असला की स्वतःलाच कंपाइल करतो, तेव्हा ऑप्टिमायझेशनने त्याचाच वेळ वाचला तरच ते ठेवायचं. कॉन्स्टंट फोल्डिंग (२+३ सारखी गणितं कंपाइल करतानाच सोडवणं) तेवढं घ्या, स्वस्त आहे. एसएसए (प्रत्येक व्हेरिएबलला एकदाच किंमत मिळेल अशी कोडची मांडणी), रजिस्टर अ‍ॅलोकेशन (कोणती किंमत प्रोसेसरच्या कुठल्या रजिस्टरमधे ठेवायची ते ठरवणं) आत्ता नकोच.

आधी बेरीज-वजाबाकी चालवा, मग इफ, मग व्हाइल. अडलात की कोड टाका, बघू.