उत्तर: व्हर्च्युअल भिंत फोमसारखी लागते, मोटर लावल्यावर आणखी मऊ

धागा वाचला आणि लिहिल्याशिवाय राहवेना. तुमचा प्रश्न असा: टेबलावरचा हॅप्टिक आर्म (मोटरींनी हाताला उलटा जोर देणारा यांत्रिक हात), पडद्यावर साधी सपाट भिंत. त्याच्या स्टायलसने (हातात धरायच्या पेनाने) टकटक केलं की लाकडाऐवजी फोम लागतो, स्टिफनेस (भिंत म्हणजे कोडमधली स्प्रिंग, तिचा ताठपणा) वाढवला की आर्म थरथरायला लागतो. म्हणून तुम्ही मोबाइलातली कॉइन मोटर (नाण्यासारखी चपटी कंपन मोटर) स्टायलसला चिकटवली, भिंतीला टेकलेलं असेपर्यंत ती चालू ठेवली, आणि मित्र म्हणाले, "आता तर अजून मऊ लागतंय." मी दंतवैद्यकाच्या विद्यार्थ्यांच्या सरावासाठीच्या एका सिम्युलेटरवर काम करत होते. आमचा दातही असाच रबरी लागायचा, आणि आम्हालाही सगळे हेच सांगायचे की स्टिफनेस वाढवा.

कंट्रोल लूप (जागा वाचून जोर ठरवणारं चक्र) एक किलोहर्ट्झला, म्हणजे सेकंदाला हजार वेळा चालतोय, एन्कोडर (जागा मोजणारा सेन्सर) नीट वाचला जातोय, हे तुम्ही बघितलंच असेल. त्यात शिरत नाही. आणि हो, मी इंजिनिअर आहे, मानसशास्त्राची अभ्यासक नाही. मेंदू असं का करतो याबद्दल खाली जे म्हणेन ते चवीपुरतं घ्या.

स्टिफनेस वाढवायला मर्यादा आहे आणि ती तुमच्या कोडची नाही. कोलगेट आणि सहकाऱ्यांनी नव्वदच्या दशकात मांडलेली अट अशी: भिंतीचा स्टिफनेस गुणिले सॅम्पलिंगचा काळ (लूपच्या दोन फेऱ्यांमधलं अंतर) भागिले दोन, हा आकडा यंत्रातल्या खऱ्या, भौतिक डॅम्पिंगपेक्षा (हालचालीची ऊर्जा शोषणाऱ्या अडथळ्यापेक्षा) कमी हवा. नाहीतर भिंतच ऊर्जा तयार करायला लागते आणि तुम्हाला थरथर जाणवते. गाइड सांगतील, "कोडमध्ये डॅम्पिंग घाल." त्या अटीत कोडमधलं डॅम्पिंग तुमच्या बाजूने धरत नाहीत, उलट स्टिफनेसच्या पारड्यात टाकतात. शिवाय स्वस्तातले डेस्कटॉप आर्म जेमतेम तीनेक न्यूटन जोर देतात. इतक्या जोरावर सागवानाचा स्टिफनेस मिळणार नाही. आणि समजा ओढूनताणून दहा टक्के वाढवलात, तरी हाताला ते कळेल असं नाही. जोन्स आणि हंटर यांच्या १९९० च्या प्रयोगात दोन स्प्रिंगांमधला फरक ओळखायला साधारण २३ टक्क्यांचं अंतर लागलं होतं. दहा टक्क्यांसाठी रात्री जागवू नका.

आता मुद्द्याचं. पेन हातात धरून टेबलावर टकटक करा, मग जाड वहीवर करा. दोन्हींतला फरक दाबून नाही, आपटताना कळतो, टेकण्याच्या क्षणी जी कडक चुणूक बोटांपर्यंत येते तीत. लामोट यांनी २००० साली हेच दाखवलं: अवजाराने वस्तूचा मऊपणा ओळखायचा असेल तर दाबण्यापेक्षा ठोकून चांगला ओळखता येतो. त्याच साली लॉरेन्स, पाओ आणि सहकाऱ्यांनी कठीणपणाचं एक वेगळं माप सुचवलं: भिंतीत शिरताना जोर सुरुवातीला किती झपाट्याने वाढतो, भागिले शिरण्याचा वेग. म्हणजे खेळ पहिल्या काही मिलिसेकंदांचा आहे. स्प्रिंग नंतर किती रेटा देते याला हात तेवढा भाव देत नाही.

म्हणून टेकण्याच्या क्षणी एक छोटं, झपाट्याने विरणारं कंपन सोडायचं. ओकामुरा, कटकॉस्की आणि डेनरलाइन यांचा नमुना अगदी साधा आहे: विरत जाणारी साइन लहर, तिची उंची आदळण्याच्या वेगाच्या प्रमाणात, आणि मटेरियलप्रमाणे तीन आकडे बदलायचे: उंची, विरण्याचा दर, फ्रिक्वेन्सी. २००६ साली कुखेनबेकर, फीने आणि निमायर यांनी १६ जणांना न बघता खऱ्या आणि व्हर्च्युअल नमुन्यांवर टकटक करायला लावली आणि कुठला किती खऱ्या लाकडासारखा लागतो ते विचारलं. नुसत्या स्प्रिंगच्या भिंतीला फोमइतकेच गुण मिळाले. क्षणिक कंपन जोडल्यावर तीच भिंत फोमवर ठेवलेल्या खऱ्या लाकडाच्या जवळ गेली. स्टिफनेस न वाढवता.

तुमच्या मोटरने मात्र उलटं केलं, आणि ते बरोबरच केलं. दाबत असताना चालू राहणारं कंपन वस्तूला मऊ करतं. नोकियात काम करणाऱ्या किल्डाल यांनी २०१० साली न दबणाऱ्या, कडक पृष्ठभागावर बोटाचा दाब बदलेल तसे कंपनाचे छोटे छोटे कण सोडले, आणि लोकांना पृष्ठभाग दबतोय असं वाटलं. व्हिसेल आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये पायाखालच्या फरशीवर तेच पाहिलं: कंपन वाढवलं तशी ती पावलांना जास्त मऊ लागली. माझा अंदाज असा की दाबताना काहीतरी हलतंय म्हटल्यावर मेंदू त्याचा अर्थ 'आत जातंय, चुरतंय' असा लावतो. कारण काहीही असो, कंपन जोडलं की वस्तू कडक लागते हा समज डोक्यातून काढा. टेकण्याच्या वेगाशी बांधलेलं आणि लगेच विरणारं कंपन कडक करतं, दाबाशी बांधलेलं आणि चालू राहणारं मऊ करतं.

आणि कॉइन मोटरकडून पहिलं काम होतच नाही. तिच्यात विषम वजन फिरतं. वेग पकडायलाच तिला दहा-दहा मिलिसेकंदांचे हप्ते लागतात, तोवर टकटक संपलेली असते. शिवाय जोर आणि फ्रिक्वेन्सी एकमेकांना बांधलेले, एक वाढवलं की दुसरं वाढतंच. हव्या त्या फ्रिक्वेन्सीला हव्या त्या उंचीची लहर तिच्याकडून निघणार नाही. त्यासाठी व्हॉइस कॉइल (स्पीकरमध्ये असते तशी चुंबकातली तारेची गुंडाळी) लागते.

इथे मला थोडं मोकळं होऊ द्या. हे सगळं आम्हाला माहीत होतं. मागणीपत्रात स्वच्छ लिहिलं होतं: व्हॉइस कॉइल प्रकारचा अ‍ॅक्च्युएटर, सोबत डेटाशीट. संस्थेच्या खरेदी विभागाने (कुठली संस्था ते विचारू नका) तीन कोटेशनं मागवली. त्यातलं एक प्रयोगशाळेला काचसामान पुरवणाऱ्याचं. तुलनात्मक तक्त्यात आमच्या वस्तूचं नाव आखडत आखडत 'व्हायब्रेशन मोटर' एवढंच उरलं, आणि एल-वन (सगळ्यांत कमी दराचा) कोण हे मग सांगायला नको. प्लास्टिकच्या पुड्यांत, लाल-निळ्या वायरी लावलेल्या कॉइन मोटरींचा खोका आला. परत करा म्हटलं तर टेबलामागचे गृहस्थ म्हणाले, "मॅडम, कंपन होतंय ना? मग स्पेसिफिकेशन पूर्ण." डेड स्टॉकला (सामानाच्या नोंदवहीत) नोंद झाली होती, बिल निघालं होतं, ३१ मार्च जवळ आला होता. नवीन मागणी टाकली तर म्हणे एकदा घेतलेली वस्तू पुन्हा का? टीप लिहा. टीप लिहिली. ती आवक-जावकमध्ये गेली आणि निधीसोबत लॅप्स झाली. ज्यांनी ती वस्तू कधी हातात घेतली नाही त्यांनी ती 'तीच' आहे की नाही हे ठरवायचं, याचा राग अजून गेलेला नाही.

तुमच्याही कॉलेजात खरेदी अशीच होत असेल तर मागणीपत्रात वस्तूच्या नावावर विसंबू नका. वर्तन लिहा: किती हर्ट्झपासून किती हर्ट्झपर्यंत चालायला हवी, किती मिलिसेकंदांत पूर्ण उंची गाठायला हवी, फ्रिक्वेन्सी आणि उंची स्वतंत्रपणे बदलता यायला हव्यात. 'फिरत्या वजनाची मोटर चालणार नाही' हे वाक्यही टाका. उद्धट वाटलं तरी चालेल. फोनमधला एलआरएही (वजन न फिरवता मागे-पुढे हलवणारा कंपक) नको. तो आपल्या अनुनादाच्या आसपासच नीट वाजतो आणि थांबवल्यावरही थोडा घुमत राहतो.

तोवर हात बांधून बसू नका. क्षणिक कंपन आर्मच्या स्वतःच्या मोटरींतूनही सोडता येतं, आम्ही शेवटी तेच केलं. वरच्या फ्रिक्वेन्सी आर्मच्या सांध्यांत विरतात, त्यामुळे अ‍ॅल्युमिनियमची टणत्कारी ठोक मिळणार नाही, पण लाकूड मिळतं. ते तीन आकडे आणायला स्टायलसवर एक छोटा अ‍ॅक्सेलरोमीटर (कंपन मोजणारा सेन्सर) चिकटवा आणि सागवानाचा तुकडा, चपलेचं रबर, अ‍ॅल्युमिनियमची पट्टी यांवर हळू-जोरात टकटक करून रेकॉर्ड करा. ते आकडे जसेच्या तसे टाकून मात्र चालणार नाही. ओकामुरा यांच्या गटालाही मोजलेले आकडे यंत्राच्या आवाक्याबाहेरचे निघाले, आणि लोकांना विचारून लावलेले आकडे मोजमापांपेक्षा वेगळे आले. एवढं लक्षात ठेवा की बोटातले खोल कंपनग्राहक साधारण २०० ते ३०० हर्ट्झला सगळ्यांत तीक्ष्ण असतात.

अवांतर, पण फुकटातलं: पडद्यावर तुमचा पॉइंटर भिंतीत बुडताना दिसतोय का? दिसत असेल तर आधी तो पृष्ठभागावर अडवा, खरी जागा आतल्या आत मोजा. श्रीनिवासन यांच्या एमआयटीतल्या गटाने १९९६ सालीच दाखवलंय की डोळ्यांना दिसणारं दबणं हाताच्या मतावर कुरघोडी करतं. आवाजाचंही तेच, त्यामुळे चाचणी घेताना लोकांच्या कानांवर हेडफोन आणि त्यात नॉइज हवाच. नाहीतर ते तुमच्या मोटरच्या घुर्र आवाजाला गुण देतील. 'दाबून बघा' आणि 'ठोकून बघा' हे प्रश्नही वेगळे विचारा, उत्तरं वेगळी येतात.

शेवटचं, कोड लिहिताना: भिंतीच्या कडेवर हात जरा रेंगाळला की संपर्क तुटतो-जुळतो आणि प्रत्येक वेळी पल्स (ते क्षणिक कंपन) सुटून खरखर होते. पॉइंटर भिंतीपासून थोडा बाहेर गेल्याशिवाय पुढची पल्स सुटू देऊ नका, आणि आदळण्याचा वेग किमान मर्यादेखाली असेल तर सोडूच नका. वेग काढताना फिल्टर (आकड्यांतले चढउतार गुळगुळीत करणारा) फार जड ठेवलात तर पल्स उशिरा येते. तुमचा फिल्टर कोणता आहे ते इथेच टाका, व्यनि (खासगी निरोप) नको, बाकीच्यांनाही दिसू द्या.