गोळी गुडघ्याची, झळ किडनीला

प्रश्न: मी ५२ वर्षांची, बीपीसाठी रोज टेल्मिसार्टन आणि हायड्रोक्लोरोथायझाइडची एकत्र गोळी घेते. लेक फार्मसीला आहे, तिने वाचलं की निरोगी बायकांना बीपी वाढवणारं औषध दिलं की लघवीतून प्रोस्टाग्लँडिन जास्त पडतं. निरोगी बाईला असलं औषध द्यायचंच कशाला, आणि बायकाच का? त्यावरून ती म्हणते गुडघ्यासाठी घेतेस ती डायक्लोफिनॅक बंद कर. याचा तिथे काय संबंध?

उत्तर: ताई, संबंध आहे, आणि लेकीचं ऐका.

आधी बायकाच का ते सांगतो, कारण हे मला फार आवडतं. प्रोस्टाग्लँडिन हे हार्मोनसारखंच काम करणारं द्रव्य, पण जिथे तयार होतं तिथेच वापरलं जातं, रक्तात गेलंच तर फुप्फुसातून एका फेरीत बहुतेक सगळं निकामी होतं, म्हणून रक्त तपासून किडनीचं काही कळत नाही. लघवीत जे सापडतं ते मुख्यतः किडनीनेच बनवलेलं. पण पुरुषांच्या वीर्यात हेच द्रव्य भरपूर असतं, त्याचा अंश लघवीत उतरला की सगळा हिशोब चुकतो. म्हणून १९७० च्या दशकात हे काम सुरू झालं तेव्हा बायकांच्या लघवीवर भर दिला गेला. एरवी औषधांच्या प्रयोगांत बायकांना बाजूलाच ठेवायचे, इथे उलटं झालं!

आता औषध का दिलं? अँजिओटेन्सिन टू हे आपल्या शरीरातलंच, रक्तवाहिन्या आवळून बीपी वाढवणारं. ते डॉक्टरांच्या नजरेखाली थोडा वेळ शिरेतून दिलं, तर किडनी काय करते हे बघायचं होतं. किडनी गप्प बसत नाही, प्रोस्टाग्लँडिन वाढवते आणि स्वतःकडे येणारी बारीक धमनी उघडी ठेवते, म्हणजे बाहेर बीपी चढलं तरी आत रक्त पुरेसं पोचतं.

डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन, इंडोमेथॅसिन या गोळ्या नेमकं हेच प्रोस्टाग्लँडिन बनू देत नाहीत (ब्रिटिश औषधशास्त्रज्ञ जॉन व्हेन यांनी १९७१ मध्ये ॲस्पिरिनवर हे दाखवलं, १९८२ च्या नोबेलमध्ये त्यांचा वाटा होता). तरुण, धडधाकट, पाणी नीट पिणाऱ्या माणसाला एकदोन गोळ्यांनी सहसा काही होत नाही. तुमचं तसं नाही, टेल्मिसार्टन किडनीच्या गाळणीतलं प्रेशर कमी करतं, हायड्रोक्लोरोथायझाइड पाणी-मीठ बाहेर काढतं, त्यात पेनकिलर आली की तिसरी मार आणि वर बीपीची गोळीही नीट काम करत नाही. उलट्या-जुलाब झाले किंवा मे महिन्यात उन्हात फिरून पाणी कमी पडलं तर किडनी अचानक बसू शकते.

बीपीची गोळी मात्र स्वतःहून बंद करू नका, बंद करायची ती डायक्लोफिनॅक. गुडघ्याला पॅरासिटॅमॉल चालेल का ते तुमच्या डॉक्टरांना विचारा, वरून लावायचं जेलही रक्तात खूपच कमी जातं. आणि मेडिकलवाल्याने ‘पेनकिलर’ म्हणून हातात ठेवलेल्या पट्टीवर आत काय आहे ते वाचत जा, कारण पॅरासिटॅमॉलच्या जोडीला आयबुप्रोफेन किंवा ॲसिक्लोफिनॅक घातलेल्या गोळ्या आपल्याकडे सर्रास मिळतात.

लघवीतलं प्रोस्टाग्लँडिन तपासून घेऊ का असं मनात आलं असेल तर नको, ते संशोधनाचं काम. इतके दिवस गोळी घेतलीच आहे तर किडनी ठीक आहे ना हे बघायला रक्तातलं क्रिएटिनिन आणि पोटॅशियम एकदा तपासून घ्या.