तुरीचा काढा, सिकलसेल आणि अंगातला ताप : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : मुलगा चार वर्षांचा आहे, सिकलसेल ‘एसएस’ (आई-बाप दोघांकडून आलेला रक्ताचा आजार, यात तांबड्या पेशी कोयत्यासारख्या वाकतात). त्यावरचं हायड्रॉक्सीयुरिया हे औषध चालू आहे. घरचे म्हणतात, आफ्रिकेत तूर आणि लवंगेनं हा आजार आटोक्यात ठेवतात. आपणही तूर आणि पपईच्या पानांचा काढा देऊ. दिला तर औषध बंद करता येईल का? — एक आई, कागल

उत्तर : ताई, औषध बंद करू नका. एक दिवससुद्धा नाही.

घरच्यांनी ऐकलंय त्यात तथ्य आहे, पण अर्धंच. नायजेरियात ‘निप्रिसान’ नावाचं औषध तयार झालं. त्यात आफ्रिकी मिरीचं बी, लवंग, ज्वारीची पानं आणि रक्तचंदनाच्या जातकुळीतल्या एका झाडाचं खोड असे चार घटक होते. ८२ रुग्णांवर सहा महिने चाचणी झाली. दुखण्याचे झटके कमी झाले, पण रक्तक्षय होता तसाच राहिला आणि गंभीर गुंतागुंतीचा धोकाही घटला नाही. तुरीच्या अर्काची चाचणी १०० रुग्णांवर झाली, तिथंही दुखण्यात थोडा फरक दिसला. तुरीच्या दाण्यात फिनिलअ‍ॅलनिन नावाचं अमिनो आम्ल असतं. हिमोग्लोबिनचे रेणू एकमेकांना चिकटून त्यांच्या दोऱ्या बनतात, त्याला ते प्रयोगशाळेत अडथळा करतं. एवढ्या आधारावर चालू औषध सोडता येत नाही.

शिवाय तो अर्क मोजून-मापून काढलेला असतो. मूठभर डाळ उकळली की अर्क होत नाही. तुरीची आमटी रोज खाऊ द्या, ते अन्नच आहे. ज्वारीची पानं मात्र घरी कधीही उकळू नका. कोवळी ज्वारी खाऊन जनावर दगावतं हे आपल्याकडच्या शेतकऱ्याला सांगायला नको. त्या पानातून सायनाइड सुटतं.

पपईच्या पानांची अडचण वेगळी. हायड्रॉक्सीयुरियाचा डोस पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट बघून ठरतो. सुरुवातीला साधारण दर महिन्याला रक्त तपासतात ते त्यासाठीच. प्लेटलेट वाढवायला म्हणून पपईचं पान द्यायचं आणि त्याच आकड्यावर डॉक्टरांनी डोस ठरवायचा, म्हणजे डॉक्टरांना चुकीच्या वाटेवर पाठवणं झालं. या औषधानं गर्भातल्या बाळाचं हिमोग्लोबिन पुन्हा वाढतं आणि पेशी कमी वाकतात; पण त्याला काही महिने लागतात. मधेच सोडलं की ते परत खाली येतं.

पोट साफ व्हायला सोनामुखीचं चूर्णही देऊ नका. या मुलांच्या मूत्रपिंडाला पाणी धरून ठेवता येत नाही. जुलाबानं अंगातलं पाणी आटलं की लगेच झटका येतो.

प्रश्न : त्याला ताप आला की गुळवेल-तुळशीचा काढा देऊन एक दिवस वाट बघतो. चालेल ना? — त्याच आई

उत्तर : नाही. इथं तासांचा हिशेब असतो. सिकलसेलच्या मुलाची प्लीहा (पोटात डावीकडे बरगडीखाली असलेला, रक्तातले जंतू गाळणारा अवयव) लहानपणीच निकामी होत जाते आणि न्यूमोकोकससारखा जंतू रक्तात शिरला तर त्याला अडवायला कुणी उरत नाही. १०१ फॅरनहाइटच्या वर ताप गेला की थेट कोल्हापूरचं सीपीआर रुग्णालय किंवा जवळचं दुसरं मोठं रुग्णालय गाठा. पॅरासिटामॉलनं ताप उतरला तरीही जा.

१९८६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात रोजच्या पेनिसिलिननं लहान मुलांमधला हा जंतुसंसर्ग ८४ टक्क्यांनी घटला. तीन वर्षांपर्यंत १२५ मिलिग्रॅम आणि तीन ते पाच वर्षांत २५० मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा, असा नेहमीचा डोस आहे. तुमच्या मुलाला ते चालू आहे का आणि न्यूमोकोकलची लस झाली आहे का, हे डॉक्टरांना याच भेटीत विचारा.

एक गोष्ट शिकून घ्या. त्याला उताणं झोपवा आणि डाव्या बरगडीखाली बोटांची टोकं हलकेच दाबून बघा. हाताला रोज जे लागतं त्यापेक्षा गोळा मोठा वाटला आणि मूल पांढरंफटक पडलं, तर रक्त प्लीहेत साठलंय. तेव्हा निघायला पाच मिनिटंही लावू नका.

प्रश्न : अडुळशाच्या पानांच्या अर्कानं जंतूंच्या प्लेटवर जंतू न वाढलेलं १८ मिलिमीटरचं वर्तुळ आलं, आणि सिकलसेल रुग्णाच्या रक्तात वाकलेल्या पेशीही कमी झाल्या. प्रकल्पात ‘दुहेरी गुणकारी’ लिहू का? — एमएस्सीचा विद्यार्थी, कोल्हापूर

उत्तर : अजून लिहू नका. आधी अर्क ज्यात विरघळवला ते नुसतं डीएमएसओ (अर्क विरघळवायचं द्रावण) प्लेटवरच्या दुसऱ्या खाचेत घाला. त्यानंच वर्तुळ आलं तर सगळंच पुसलं. वर्तुळाच्या रुंदीवरून दोन अर्कांची तुलनाही करू नका, कारण जड रेणू आगरमध्ये, म्हणजे प्लेटवरच्या जेलीत, नीट पसरत नाहीत. किमान रोधक प्रमाण, म्हणजे जंतूंची वाढ थांबवणारं अर्काचं कमीत कमी प्रमाण, काढा. बहुतेक विद्यार्थ्यांचे आकडे मिलिलिटरला काही मिलिग्रॅम येतात, तर चांगलं प्रतिजैविक मायक्रोग्रॅममध्ये काम करतं. म्हणजे हजारपट फरक. मिलिलिटरला १०० मायक्रोग्रॅमच्या खाली आलात तर पुढं जाण्यात अर्थ आहे.

पेशींच्या बाबतीत तुमची फसगत झालेली असू शकते. दोन टक्के सोडियम मेटाबायसल्फाइट (प्राणवायू काढून पेशी वाकवणारं रसायन) घालून, काच सील करून पेशी मोजल्यात, ठीक. पण रिठ्यात असतं तसं फेस करणारं सॅपोनिन अर्कात असेल तर वाकलेल्या पेशी फुटतात, आणि मोजताना त्या ‘कमी झाल्या’ असं दिसतं. उरलेलं रक्त सेंट्रिफ्यूज करा. वरचं पाणी लालसर आलं, तर तुमचा अर्क पेशी सरळ करत नाहीये, फोडतोय. रुग्णासाठी ते घातकच.

आणि पानं राधानगरी अभयारण्यातून परवानगीशिवाय तोडू नका. अडुळसा कुठल्याही कुंपणाला मिळतो. सावलीत वाळवा, आणि हर्बेरियमचा (ओळख पटवलेल्या वाळक्या वनस्पतींच्या संग्रहाचा) नमुना क्रमांक घेतल्याशिवाय अर्क काढायला बसू नका.