ऑर्किडचा काढा घेऊ का? आधी जात कुठली ते बघा

घरात कुंडीत डेंड्रोबियम आणि फॅलेनॉप्सिस ही ऑर्किड आहेत, ऑर्किडमध्ये मेमरी आणि शुगरसाठी औषधी घटक असतात असं वाचलंय, मग काढा करून घेतला तर चालेल का, असं तुम्ही विचारलंय. नका घेऊ. ऑर्किडच्या २५ हजारांहून जास्त जाती आहेत आणि औषधात वापरतात त्या त्यातल्या मोजक्याच, शिवाय कुंडीतली झाडं बहुतेक हायब्रिड असतात, त्यांच्यात कुठला घटक किती उतरलाय कुणी तपासलेलं नसतं, आणि नर्सरीत मारलेलं कीटकनाशक पानात मुरलेलं असतं ते वेगळंच.

आता खरंच अभ्यास झालाय ती झाडं बघा. चिनी वैद्यकातलं त्येन्मा म्हणजे गॅस्ट्रोडिया इलाटा, भलतंच झाड आहे, पानं नाहीत, हरितद्रव्य नाही, आर्मिलारिया नावाच्या बुरशीवर जगतं आणि जमिनीत बटाट्यासारखा कंद धरतं. त्या कंदातला मुख्य घटक गॅस्ट्रोडिन, चक्कर, डोकेदुखी, झटके यासाठी चीनमध्ये त्याच्या गोळ्या आणि इंजेक्शनही मिळतात. पण तो शुद्ध करून ठरलेल्या डोसमध्ये देतात, काढ्यात किती उतरला हे घरी कळायला काहीच मार्ग नाही.

डेंड्रोबियमचं नाव तुम्ही घेतलंत म्हणून जरा सविस्तर. औषधात त्याचं खोड वापरतात, पानं नाही. डेंड्रोबियम नोबिलमधून डेंड्रोबिन नावाचं अल्कलॉइड, म्हणजे थोड्या प्रमाणातही शरीरावर परिणाम करणारं नायट्रोजनयुक्त रसायन, १९३२ मध्ये वेगळं काढलं, चिनी फार्माकोपियात, म्हणजे औषधांच्या सरकारी मानक ग्रंथात, सुक्या खोडात ते निदान ०.४० टक्के असावं अशी अट आहे. आणि हे काही निरुपद्रवी नाही हं, जास्त डोस दिला तर प्राण्यांना झटके येतात. डेंड्रोबियम ऑफिसिनालेमध्ये मात्र भर पॉलिसॅकराइडवर, म्हणजे साखरेच्या लांब साखळ्यांवर असतो, खोड चावलं की तोंडात बुळबुळीत चिकट लागतं ना, तेच ते. शुगरवरचे बरेचसे प्रयोग या चिकट भागावरच आहेत पण ते बहुतेक उंदरांवर. तिसरा गट बायबेन्झिल नावाच्या रसायनांचा, म्हणजे मॉस्कॅटिलिन, गिगँटॉल, एरियानिन वगैरे, यांनी प्रयोगशाळेतल्या डिशमधल्या कॅन्सर पेशी मरतात म्हणून 'ऑर्किड कॅन्सर बरा करतं' अशा पोस्ट फिरतात. डिशमध्ये औषध थेट पेशीवर ओततात, तोंडाने घेतलं की आतड्यातून किती शोषलं जाईल, लिव्हर त्यातलं किती शिल्लक ठेवेल, हा सगळा पुढचा प्रवास त्या पोस्टमध्ये नसतोच.

घटक असला तरी तो कुठल्या रूपात आहे हेही बघावं लागतं, व्हॅनिला बघा, हिरव्या शेंगेला वासच नसतो, कारण व्हॅनिलिन ग्लुकोजला बांधलेलं असतं, शेंगा गरम करून घाम काढून वाळवल्या की एन्झाइम ते सोडवतात आणि मग तो सुगंध.

आयुर्वेदातल्या अष्टवर्गातली, म्हणजे आठ औषधी वनस्पतींच्या गटातली, जीवक, ऋषभक, ऋद्धी, वृद्धी ही चार हिमालयातली ऑर्किडच मानतात. पण भावप्रकाश या जुन्या आयुर्वेदिक ग्रंथातच म्हटलंय की अष्टवर्ग राजालाही मिळणं कठीण, म्हणून त्याऐवजी विदारीकंद, वाराहीकंद घ्या. ही तेव्हाची गोष्ट, आता तर कंद उपटून उपटून काही जाती संपत आल्यात, म्हणून 'जंगलातून आणलेलं अस्सल' असं कुणी सांगितलं तर मी तरी हात लावणार नाही. सगळं ऑर्किड कुटुंब सायटिसच्या, म्हणजे वन्य प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीत आहे, परमिटशिवाय देशाबाहेर व्यापार सहसा चालत नाही.

ॲलर्जीचंही एक आहे, सायप्रिपेडियमसारख्या काही जातींच्या रसाने हातावर पुरळ उठतं, त्यामुळे कापताना हातमोजे घाला.

एवढं करून सप्लिमेंट घ्यायचंच असेल तर लेबलवर जातीचं पूर्ण लॅटिन नाव, झाडाचा कुठला भाग आणि मुख्य घटक किती मिलिग्रॅम हे तिन्ही दिसलं पाहिजे, नुसतं 'ऑर्किड एक्स्ट्रॅक्ट' लिहिलेलं असेल तर ठेवून द्या. शुगरच्या किंवा फिटच्या गोळ्या चालू असतील तर आधी डॉक्टरांना ती बाटली दाखवा. गरोदर असाल तर सध्या नकोच.